डिस्ने वर्ल्डमध्ये पोलीस नेमके कोणाचे? (फ्लोरिडाला जाणाऱ्यांनी जरूर वाचा, भर घाला)

अनघा_टँपा

"डिस्नेचं स्वतःचं पोलीस दल आहे, खाली भुयारात कोठडी आहे, धरलं की थेट तिथेच टाकतात." दर सुट्टीच्या आधी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर हे फिरतंच. मी फ्लोरिडातल्या टँपात राहते. ऑर्लँडो इथून गाडीने दीड तासावर, त्यामुळे देशातून आलेल्या नातेवाइकांना घेऊन तिथे जाणं सतत चालू असतं. त्यांच्याशी बोलताना जाणवतं की या एका गैरसमजाने काही जण उगाच धास्तावतात, तर बाकीचे अगदी निर्धास्त होतात: "कंपनीचे लोक आहेत, समजावून सांगू." हा निर्धास्तपणा जास्त महागात पडू शकतो, म्हणून हा धागा.

आधी जागेचा आवाका. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं. साधारण २५ हजार एकर, म्हणजे १०० चौरस किलोमीटरच्या आसपास. चार मोठे पार्क, दोन वॉटर पार्क, हॉटेलांची रांग, डिस्ने स्प्रिंग्सचा बाजार, स्वतःचे रस्ते. बहुतेक भाग ऑरेंज काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी), दक्षिणेकडचा थोडा ऑसिओला काउंटीत. आत बे लेक आणि लेक ब्युएना व्हिस्टा अशी दोन शहरंही आहेत. रहिवासी अगदी मोजके, आणि दोन्ही शहरांना पोलीस खातं नाही.

१९६७ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने या जमिनीसाठी रीडी क्रीक नावाचा खास जिल्हा तयार केला. इमारतींचे नियम, रस्ते, सांडपाणी, वीज असे भरमसाट अधिकार दिले, अगदी अणुवीज केंद्र उभारण्याचासुद्धा. अग्निशमन दल त्या जिल्ह्याने उभं केलं, ते आजही आहे. पोलीस दल मात्र कधीच उभं केलं नाही.

म्हणजे गुन्हा नोंदवायचा, अटक करायची, बेड्या घालायच्या तर माणूस येतो तो बहुतेक भागात ऑरेंज काउंटी शेरीफच्या ऑफिसचा. शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, तो लोकांनी निवडून दिलेला असतो, त्याच्या हाताखालच्यांना डेप्युटी म्हणतात. रस्त्यांवर फ्लोरिडा हायवे पेट्रोल, म्हणजे राज्याचे महामार्ग पोलीसही दिसतात. आणि डिस्नेचे जे सिक्युरिटीवाले आहेत ते कंपनीचे नोकर. ते बॅग तपासतात, आत सोडत नाहीत, बाहेर जायला सांगतात, डेप्युटीला बोलावतात. त्यांना पोलिसांचे अधिकार नाहीत.

भुयाराबद्दल: मॅजिक किंगडम या मोठ्या पार्कखाली कर्मचाऱ्यांसाठी बोगद्यांचं जाळं खरंच आहे. कपडेपट, कॅन्टीन, मालाची ने-आण सगळं तिथून चालतं. तुरुंग नाही. अटक झालेला माणूस काउंटीच्या तुरुंगात जातो, ऑर्लँडो शहरातल्या.

मृण्मयी_ठाणे

अनघाताई, अगदी वेळेवर धागा. आम्ही मे महिन्यात जातोय, सोबत सासू-सासरे आणि दोन मुलं. फोटोंमध्ये तर पोलीस कुठेच दिसत नाहीत. खरंच इतके कमी असतात की दिसू देत नाहीत?

अनघा_टँपा

दोन्ही गोष्टी आहेत. पार्कच्या आत, राजवाड्यासमोर वगैरे, गणवेशातला डेप्युटी क्वचित नजरेला पडतो. खरा बंदोबस्त कडेला असतो: प्रवेशद्वारापाशी, बसच्या थांब्यांजवळ, पार्किंगमध्ये. डिस्ने स्प्रिंग्सला पार्किंगच्या इमारतीतून बाजारात उतरलं की तपासणीच्या टेबलांच्या थोडं मागे हिरव्या गणवेशातले डेप्युटी उभे दिसतात, स्फोटकं हुंगणारा कुत्राही असतो. कुत्र्याला मुलांनी हात लावायचा नाही हे आधीच बजावून ठेव. साध्या कपड्यातलेही असतात, ते ओळखू येत नाहीत.

निवृत्त_फौजदार

छान माहिती. मी महाराष्ट्र पोलिसांत नोकरी केली, मुलगी अटलांटात असल्यामुळे डिस्ने वर्ल्ड बघणं झालं. सवयीने माझं लक्ष राइड्सपेक्षा बंदोबस्ताकडेच जास्त होतं, म्हणून लिहितो.

मला सगळ्यात जास्त भावली ती गर्दीची हाताळणी. रात्री आतषबाजी संपली की हजारो माणसं एकदम मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवरून बाहेर निघतात. आपल्याकडे अशा वेळी दोरखंड, शिट्ट्या, लाठ्या लागतात. तिथे ते काम कंपनीचे कर्मचारी हातातल्या चमकत्या कांड्या हलवत करतात. जायची वाट वेगळी, यायची वेगळी, आणि दुकानांच्या मागचा एरवी बंद असलेला रस्ता गरज पडली की उघडतात. गर्दी अडायच्या आधीच तिला वाट काढून दिलेली असते, म्हणून पोलिसाला हात लावावा लागत नाही. मांढरदेवीला २००५ मध्ये आणि एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २०१७ मध्ये माणसं चिरडून गेली, ती वाट अरुंद होती म्हणून. गर्दीचं नियोजन हे आधी वास्तुरचनेचं काम आहे, मग पोलिसांचं. हे मी नोकरीत असताना वरिष्ठांना सांगत आलो, तिथे ते डोळ्यांनी पाहिलं.

दुसरा मुद्दा. तिथले बरेच डेप्युटी नेहमीची ड्यूटी संपवून जादा कामावर आलेले असतात आणि त्याचे पैसे ज्याने मागणी केली तो भरतो. आपल्याकडेही क्रिकेट सामन्यांना सशुल्क बंदोबस्त देतात, तसंच समजा. पण पैसे कोणीही भरले तरी अंगावरची वर्दी सरकारची, आणि अधिकार पूर्ण. हा माणूस कंपनीने ठेवलाय, असं समजून त्याच्याशी हुज्जत घालू नका.

रोखठोक_सातारा

फौजदारकाकांचा दुसरा मुद्दा वाचून अस्वस्थ झालो. पैसे कंपनीचे आणि वर्दी सरकारची, मग पोलीस कोणाचं ऐकणार? उद्या पर्यटकाची तक्रार कंपनीविरुद्धच असेल तर?

वऱ्हाडी_वकील

रास्त प्रश्न आहे, आणि फ्लोरिडात तो कोर्टापर्यंत जाऊन आलेला आहे.

१९९४ मध्ये डिस्नेच्या हद्दीतल्या रस्त्यावर एका १८ वर्षांच्या मुलाचा गाडीच्या अपघातात मृत्यू झाला. डिस्नेच्या सिक्युरिटीची गाडी मागे लागली होती, असं आईवडिलांचं म्हणणं होतं. त्यांनी सिक्युरिटीची कागदपत्रं मागितली. मुद्दा असा मांडला की रीडी क्रीक ही सरकारी संस्था, तिने सुरक्षेचं काम कंत्राटाने डिस्नेला दिलंय, म्हणजे डिस्नेची सिक्युरिटी सरकारी काम करते आणि तिचे कागद जनतेला खुले असले पाहिजेत. १९९७ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने हे फेटाळलं. कोर्टाच्या मते डिस्नेची सिक्युरिटी रात्रीच्या पहारेकऱ्यासारखं काम करते, कायदा राबवण्याचं नाही, त्यामुळे तिचे कागद खाजगी.

याचा परिणाम बघा. फ्लोरिडात सरकारी कागद खुले ठेवण्याचा कायदा अमेरिकेतल्या सगळ्यात कडक कायद्यांपैकी आहे. शेरीफच्या डेप्युटीने लिहिलेला अहवाल कोणीही मागू शकतो. डिस्ने वर्ल्डमधल्या अटकांच्या बातम्या पेपरात येतात त्या याच वाटेने. पण जे प्रकरण सिक्युरिटीच्या पातळीवरच मिटलं, ज्यात डेप्युटी आलाच नाही, त्याची नोंद कंपनीच्या कपाटात. तिथवर पत्रकारही पोहोचत नाही आणि नागरिकही. रोखठोक, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे: मला डेप्युटीची तेवढी काळजी वाटत नाही, कारण त्याच्या मागे कागद उरतो. मला काळजी वाटते ती डेप्युटी न बोलावता मिटवलेल्या प्रकरणांची.

अनघा_टँपा

वकीलसाहेब, नेमकं हेच मला म्हणायचं होतं आणि मी इतक्या नेटकेपणाने म्हटलं नव्हतं. म्हणून मी प्रत्येक पाहुण्याला सांगते: तुमच्यासोबत खरंच काही वाईट घडलं, कोणी अंगाला हात लावला, मोठी चोरी झाली, मारहाण झाली, तर हॉटेलच्या काउंटरवर तक्रार लिहून थांबू नका. ९११ (तिथला आणीबाणीचा नंबर) लावा किंवा "मला डेप्युटीशी बोलायचंय" असं स्पष्ट सांगा, आणि निघताना त्याच्याकडून केस नंबर घ्या. विमा, पासपोर्ट, कोर्ट, सगळीकडे तो नंबर लागतो. डिस्नेचे कर्मचारी अतिशय प्रेमाने वागतात, नुकसान भरूनही देतात. पण गुन्हा नोंदवणं हे त्यांचं काम नाही.

त्यातच २०२३ चं प्रकरण झालं. गव्हर्नर डिसँटिस आणि डिस्ने यांचं बिनसलं, फेब्रुवारीत नवा कायदा आला, रीडी क्रीकचं नाव बदलून सेंट्रल फ्लोरिडा टुरिझम ओव्हरसाइट डिस्ट्रिक्ट झालं आणि मंडळावर गव्हर्नरने नेमलेली माणसं बसली. जादा बंदोबस्ताचे पैसे हाच जिल्हा भरत आला होता. नव्या मंडळाने तो खर्च काढून टाकायचा विषय आणला. वर्षाला सुमारे ८० लाख डॉलर असा आकडा तेव्हा सांगितला गेला. खाजगी जागेच्या रखवालीसाठी जिल्ह्याने पैसे का द्यायचे, हा त्यांचा मुद्दा. राजकारण बाजूला ठेवलं तर प्रश्न खरा आहे. माझं मत विचाराल तर पैसे कंपनीने भरावेत, पण हिशोब शेरीफच्या ऑफिसमधून जाहीर व्हावा.

शेजारी_कॅलिफोर्निया

आमच्याकडच्या डिस्नेलँडचा प्रकार वेगळा आहे, सांगून ठेवतो, कारण लोक दोन्हींची गल्लत करतात. गंमत म्हणजे तीही ऑरेंज काउंटीच. पण पार्क अॅनाहाइम शहरात, त्यामुळे तिथे शहराचे पोलीस. जागा लहान, चारी बाजूंनी शहर.

६ ऑगस्ट १९७० ला इथे यिप्पी म्हणवणारी तरुण मंडळी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधासाठी घुसली होती, पार्कमधल्या टॉम सॉयर बेटावर चढून त्यांनी झेंडा लावला. संध्याकाळी दंगलविरोधी साहित्य घेतलेले पोलीस आत आले आणि पार्क वेळेआधी बंद करावा लागला.

मृण्मयी_ठाणे

तपासणीबद्दल कोणी सविस्तर सांगेल का? सासूबाईंची पर्स म्हणजे अर्धं घर असतं.

अनघा_टँपा

१७ डिसेंबर २०१५ पासून ऑर्लँडोच्या मोठ्या पार्कमध्ये मेटल डिटेक्टर आले. पॅरिस आणि सॅन बर्नार्डिनोच्या हल्ल्यांनंतरची गोष्ट. त्याच वेळी खेळण्यातल्या बंदुकांवर बंदी आली आणि १४ वर्षं आणि त्याहून मोठ्यांना वेषभूषा करून यायला मनाई झाली. आता बहुतेक ठिकाणी नव्या पद्धतीचे स्कॅनर आहेत: दोन खांबांमधून चालत जायचं, बॅग खांद्यावरच. काही खटकलं तरच टेबलापाशी बोलावतात. छत्रीचा दांडा, चष्म्याची धातूची पेटी आणि स्टीलची बाटली यांनी तो हमखास वाजतो. या वस्तू हातात समोर धरून गेलं की काम लवकर होतं.

माझ्या मावशींची पर्स एकदा टेबलावर रिकामी झाली. खडीसाखर, बडीशेप, जपाची माळ, आणि तळाशी पितळी अडकित्ता. तपासणाऱ्या बाईंनी तो दोन बोटांनी उघडला, मिटला, पुन्हा उघडला, आणि अगदी शांतपणे विचारलं, हे काय कापायचं? मावशींनी सुपारी काढून कातरूनच दाखवली. बाई हसल्या, पण अडकित्ता आत सोडला नाही. पात्याची कुठलीही वस्तू चालत नाही, मग ती कितीही लहान असो. गाडीत ठेवून या, म्हणाल्या. पार्किंगपर्यंत परत जाऊन यावं लागलं. एक तास गेला. तेव्हा पर्स हॉटेलवरच उपसा.

रोखठोक_सातारा

ज्या देशात बंदूक घेऊन फिरायला मुभा आहे तिथे अडकित्ता अडवतात!

वऱ्हाडी_वकील

जागा खाजगी आहे, म्हणून. १ जुलै २०२३ पासून फ्लोरिडात परवान्याशिवायही लपवून पिस्तूल बाळगता येतं. पण जागेच्या मालकाला "माझ्या आवारात चालणार नाही" म्हणायचा हक्क आहे, आणि डिस्ने तो वापरते. हट्ट धरून थांबलात तर तो अतिक्रमणाचा गुन्हा होतो.

हा अतिक्रमणाचा कायदा नीट समजून घ्या, कारण तिथला बराचसा बंदोबस्त त्यावरच चालतो. रांगेत भांडण, दारू पिऊन धिंगाणा, बंद जागेत शिरणं. दर वेळी अटक होतेच असं नाही. डेप्युटी येतो, कंपनीतर्फे "या आवारात परत यायचं नाही" अशी लेखी ताकीद देतो, आणि माणसाला बाहेर नेऊन सोडतो. ताकीद मोडून परत पाऊल टाकलं की मात्र सरळ अटक. तिकिटाचे, हॉटेलचे पैसे किती भरलेत याचा तिथे संबंध येत नाही.

दुकानातल्या चोरीचं वेगळं. फ्लोरिडाचा कायदा दुकानदाराला संशयिताला वाजवी वेळ आणि वाजवी रीतीने थांबवून ठेवायची परवानगी देतो, पण लगेच पोलिसांना बोलावणं बंधनकारक आहे. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये खाजगी माणसाने केलेल्या अटकेला सहा तासांची मर्यादा आहे, तसा काही आकडा तिथे नाही. माल ७५० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल तर ती मोठी चोरी. आणि भारतीय व्हिसावाल्यांसाठी रक्कम गौण आहे. चोरी हा अमेरिकन इमिग्रेशन कायद्यात नीतिभ्रष्टतेचा गुन्हा धरला जातो, छोटीही. जुलै २०२५ मध्ये दिल्लीच्या अमेरिकन दूतावासाने जाहीरपणे बजावलं होतं की चोरी, मारहाण, घरफोडी यांमुळे व्हिसा रद्द होऊ शकतो. मुलांच्या हातात खेळणं राहिलं आणि आपण दुकानाबाहेर आलो, हे लक्षात येताच स्वतःहून परत जा. लपवू नका.

निवृत्त_फौजदार

इतका बंदोबस्त कशाला, असं वाटणाऱ्यांसाठी एक सांगतो. १२ जून २०१६ ला ऑर्लँडोच्या पल्स नाइटक्लबमध्ये ४९ माणसं मारली गेली. २०१८ मध्ये हल्लेखोराच्या बायकोवर खटला चालला (ती निर्दोष सुटली), तेव्हा सरकारी वकिलांनी कोर्टात मांडलं की त्याचं आधीचं लक्ष्य डिस्ने स्प्रिंग्स होतं. रात्री तो तिथे गेला, पोलीस बघितले आणि तिथून निघून गेला. हे वाचलं तेव्हा मला समाधान वाटलं नाही, कारण तो दुसरीकडे गेलाच आणि तिथे ४९ कुटुंबं उद्ध्वस्त झाली. पण दिसणारा पोलीस काय करतो याचा याहून स्पष्ट पुरावा मी पाहिलेला नाही. म्हणून पोलीस फोटोत येऊ नयेत, जादू बिघडू नये, या विचाराशी मी सहमत नाही. दरवाज्यावरचा पोलीस दिसलाच पाहिजे.

अनघा_टँपा

काका, मनापासून पटलं.

हॉटेलांबद्दल राहिलं. लास व्हेगासच्या ऑक्टोबर २०१७ च्या गोळीबारानंतर डिस्नेने खोल्यांवरची "डू नॉट डिस्टर्ब" ची पाटी काढली आणि त्याजागी "खोलीत माणसं आहेत" अशा अर्थाची पाटी आणली. पाटी असली तरी दिवसातून एकदा कर्मचारी दार वाजवून आत येऊ शकतो. सासूबाई दुपारी विश्रांती घेत असतील तर त्यांना कल्पना देऊन ठेव, दचकतील.

मूल हरवलं तर धावाधाव करू नका, जवळच्या कुठल्याही नावाची पट्टी लावलेल्या कर्मचाऱ्याला सांगा. सापडलेलं मूल ते एकटं सोडत नाहीत, बेबी केअर सेंटरला पोहोचवतात. ते प्रत्येक पार्कमध्ये आहे. मुलाच्या मनगटावर पेनाने फोन नंबर लिहून ठेवा.

मृण्मयी_ठाणे

खूप उपयोगी. शेवटचा प्रश्न: सासऱ्यांच्या गुडघ्याचं औषध. ट्रामाडॉलच्या गोळ्या आहेत, आणि वैद्यांनी दिलेलं एक तेल आहे, त्यात विजया आहे म्हणे. गोळ्या एका डबीत एकत्र करून ठेवतात. चालेल का?

वऱ्हाडी_वकील

तेल घरीच ठेवा. विजया म्हणजे भांगेचंच झाड, आणि भारतात वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं म्हणून तिथे चालेल असं नाही. एप्रिल २०१९ मध्ये मॅजिक किंगडमच्या दारात ६९ वर्षांच्या एका अमेरिकन आजींना पर्समधल्या सीबीडी तेलासाठी (तेही भांगेच्याच झाडापासून काढतात) डेप्युटीने अटक केली होती. संधिवातासाठी घेत होत्या, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ होती. तपासणीत टीएचसीचा, म्हणजे भांगेतल्या नशा आणणाऱ्या घटकाचा अंश निघाला, तेव्हाच्या फ्लोरिडाच्या कायद्याने तो गंभीर गुन्हा ठरला. तुरुंगात काही तास काढावे लागले. नंतर आरोप मागे घेतला गेला, आणि त्याच वर्षी कायदाही बदलला. पण त्या अमेरिकन नागरिक होत्या. व्हिसावर आलेल्या माणसाने तो धोका पत्करू नये, शिवाय विमानतळावरच कस्टम्सवाले आधी विचारतील.

ट्रामाडॉल तिथे नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. न्यायला हरकत नाही, पण डबीत एकत्र करू नका. मूळ पाकीट, त्यावर नाव, सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली टाइप केलेली चिठ्ठी, गोळीचं मूळ नाव आणि रोजचा डोस लिहिलेली. लागतील तेवढ्याच गोळ्या न्या. डेप्युटीने विचारलं तर पाकीट आणि चिठ्ठी दाखवा, जेवढं विचारलं तेवढंच सांगा. प्रकरण वाढतंय असं वाटलं तर "मला वकील हवा" म्हणा आणि भारतीय वकिलातीला कळवायला सांगा. अटकेतल्या परदेशी माणसाचा तो हक्क व्हिएन्ना कराराने दिलेला आहे. फ्लोरिडा अटलांटाच्या वकिलातीकडे येतं.

मृण्मयी_ठाणे

आजच डॉक्टरांना चिठ्ठीसाठी फोन करते. अटलांटाचा नंबर मी आणि नवरा दोघांच्याही मोबाइलमध्ये, शिवाय एका कागदावर लिहून सासऱ्यांच्या खिशात.